तिहाईतला एक श्वास

बासरी शिकायला गेलो तेव्हा माझं वय बेचाळीस होतं. महिन्याभरात एखादी धून यावी, एवढीच अपेक्षा. पहिले आठ-दहा दिवस नुसती हवा आली. फुंकर छिद्राच्या पलीकडच्या काठावर आपटून दुभंगली पाहिजे, तरच नाद उमटतो, हे सरांनी दाखवलं आणि मला पटलंही. ओठांना पटायला वेळ लागला. जोर लावला की डोकं गरगरायचं. सर म्हणाले, "फुगा फुगवताय का? चष्म्यावरची धूळ उडवताना घालता, तेवढीच फुंकर पुरे."

त्याआधी एक चूक करून बसलो होतो. कुणालाही न विचारता पांढरी तीनची, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची, लांबलचक बासरी घेतली, कारण ऐकलेली सगळी मैफलीतली बासरी तशीच गंभीर वाजायची. बासरीवादक पन्नालाल घोषांनी (१९११–१९६०) ही लांब बासरी रागसंगीताच्या मैफलीत रुजवली, पण ती काही माझ्या बोटांची मापं घेऊन नव्हे. मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पंचमाला, सहाही छिद्रं बंद करावी लागतात. शेवटच्या छिद्रावरच्या बोटाखालून सुईच्या टोकाएवढी हवा निसटली तरी पंचम मुका. सरांनी ती बासरी बाजूला ठेवायला लावली आणि पांढरी पाचची हातात दिली. तिची छिद्रं जवळजवळ, बोटं ताणावी लागत नाहीत.

पहिला राग भूप. त्यामागचं एक कारण अगदी व्यावहारिक: भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. बासरीवर शुद्ध मध्यम वाजवायला वरचं पहिलं छिद्र अर्धवट झाकावं लागतं, आणि ते 'अर्धवट' नेमकं किती हे बोटाला कळेपर्यंत मध्यम रोज वेगळाच लागतो. भूपात ती कटकट नाही. पाचच स्वर, सोपा राग, असं मी धरून चाललो. महिन्याभराने धैवत छान लागायला लागला, म्हणून मी त्यावर हौसेने रेंगाळू लागलो. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "छान. पण हा देशकार झाला." स्वर तेच पाच, पण भूप गंधाराकडे झुकतो आणि देशकार धैवताकडे. इतकी वर्षं दोन्ही राग ऐकत आलो होतो. फरक कळला तो स्वतःच्या हातून चुकल्यावर.

पुढचे आठ महिने घरी एकट्याने रियाज केला. मोबाइलवर तानपुरा, मोबाइलवरच सोळा मात्रांच्या, म्हणजे सोळा ठोक्यांच्या, तीनतालाचा ठेका. मोबाइलचा एक दुर्गुण सांगतो: तो कधीच रागावत नाही. मी मागेपुढे झालो तरी तो आपला धा धिं धिं धा म्हणत राहतो आणि आपण मनातल्या मनात स्वतःला माफ करून टाकतो.

मग शिष्यांचा छोटा कार्यक्रम ठरला. माझ्या वाट्याला दहा मिनिटं: थोडा आलाप, मध्यलयीतली एक गत, म्हणजे तालात बांधलेली रचना, आणि शेवटी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा. तिहाईचा हिशेब साधा होता. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा मोकळी. समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, उचलायची. पंधरा आणि दोन सतरा, म्हणजे शेवटचा स्वर बरोबर पुढच्या समेवर. झोपेतही म्हणून दाखवली असती.

सभागृहात एसी जोरात होता. बासरी गार पडली की उतरते. आतली हवा थंड, म्हणून ध्वनीचा वेग कमी, म्हणून सूर खाली. मी पिशवीतून काढली तशीच वाजवायला घेतली. हार्मोनियमवाला तर आपला सूर हलवू शकत नाही, तबलाही त्याच्याशीच मिळवलेला. पहिला षड्ज लागला आणि सरांच्या कपाळावर आठी. बासरी ओठांवर किंचित बाहेरच्या बाजूला फिरवली की सूर थोडा चढतो. तसं सावरत आलाप कसाबसा पार पाडला. गत सुरू होईपर्यंत श्वासाने बासरी तापली आणि आता ती चढायला लागली. आधी दहा मिनिटं नुसती फुंकत बसलो असतो तर हे टळलं असतं.

तिहाई उचलली. तुकडा एक, दम. तुकडा दोन, आणि मी दम न घेताच तिसऱ्यात शिरलो. माझा शेवटचा षड्ज ऐटीत येऊन पडला, मान खाली गेली, आणि त्यानंतर एका मात्रेने तबल्याचा धा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यापैकी निम्म्यांना काही कळलं नसावं. तबलजी मात्र गालातल्या गालात हसत होते.

रेकॉर्डिंग ऐकायला मला चार दिवस लागले. ऐकल्यावर दिसलं की मोजणीत चूक नव्हतीच. ती मोकळी मात्रा म्हणजे श्वासाची जागा. घाबरलेला माणूस श्वास वरवर घेतो, आणि मी तर तो घ्यायचाच विसरलो होतो. श्वास गेला, त्याच्याबरोबर मात्राही गेली.

सरांनी वहीतल्या तिहाईत त्या दोन जागांवर लाल स्वल्पविराम मारून दिले. "इथे वाजवायचं नाही म्हणजे इथे काही नाही, असं समजू नका," एवढंच बोलले.

तेव्हापासून ऐकण्याची खोडच बदलली आहे. बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांची रेकॉर्डिंगं आता मी दम कुठे घेतला ते शोधत ऐकतो. लांब आलापीत तो सहज सापडतो. द्रुत लयीत मागे जाऊन दोन-तीनदा ऐकावं लागतं, आणि तरी काही ठिकाणी मी हरतो. घरचे म्हणतात, तू गाणं ऐकत नाहीस, तपासणी करतोस. असेल.

पुढच्या कार्यक्रमात बासरी आधी पंधरा मिनिटं फुंकून ठेवली, स्वल्पविरामांवर मुकाट थांबलो. तिहाई समेवर आली. तबलजींनी मान डोलावली. मंद्र पंचम मात्र आलापात मुकाच राहिला.