तिठ्यावरचा माणूस

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही सहा दुचाकी गाड्या घेऊन रत्नागिरीहून जयगडला गेलो होतो. परतताना जयगडच्या वाटेवरच्या खंडाळ्याच्या तिठ्यावर मी मालगुंडकडे वळले, माझ्यामागचे चौघे वळले आणि सगळ्यात मागे असलेला माझा मावसभाऊ पप्या सरळ चाफे गावाच्या रस्त्याने गेला. बावीस वर्षांचा पोरगा, लायसन्स मिळून तीन महिने झालेले. गणपतीपुळ्याला चहा सांगताना मी माणसं मोजली तेव्हा कुठे कळलं. त्याचा फोन लागेना. तेवढ्यात मावशीचाच फोन आला, "पप्या तुझ्याबरोबर आहे ना गो?" मी "हो" म्हटलं. ते "हो" मला आजही टोचतं. सव्वा तासाने त्याचा फोन लागला. तो निवळीला हायवेवर एका टपरीपुढे उभा होता. रागावला नाही, एवढंच म्हणाला, "ताई, मला वाटलं तुम्ही पुढे आहात, म्हणून मी वेग वाढवत गेलो."

पुढे कोणीच नव्हतं आणि तो कोणालातरी गाठायला म्हणून गाडी हाणत होता, हे डोक्यातून जाईना. पुढे मी होते. आरशात एकदा नीट पाहिलं असतं तर हे झालं नसतं.

यंदा पुन्हा जायचं ठरलं तेव्हा मी सांगितलं की सगळी तयारी मी करते, पण मी म्हणेन तसं करायचं. आठ गाड्या, अकरा माणसं. रत्नागिरी, आरे-वारे, मालगुंड, जयगड, तिथून फेरीबोटीने तवसाळ, पुढे हेदवी, वेळणेश्वर आणि त्याच वाटेने परत. जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर. पुण्या-मुंबईकडच्यांना हे अंतर काहीच वाटणार नाही. किनाऱ्याच्या रस्त्याला मात्र चढ, उतार, वळण, गाव, गुरं, पुन्हा वळण असं चालू असतं. थांबे सोडून तासाला तीस किलोमीटर असाच हिशोब मी केला आणि तो बरोबर निघाला.

तारीख मी कॅलेंडरवर तिथी बघून काढली. हेदवीला बामणघळ बघायची तर पूर्ण भरती हवी. समुद्राच्या खडकातली ती अरुंद चीर ओहोटीला नुसती चीरच असते. भरतीची लाट आत घुसली की पाणी कोंडतं आणि उंच उसळतं. आमच्याकडे जुन्या माणसांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौष शुद्ध चतुर्दशीला रविवार येत होता. चौदाची पाऊणपट साडेदहा. सकाळी साडेदहाला हेदवी, अगदी जमत होतं.

हे मी आनंदाने गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक, वय एकसष्ट, गाडी स्प्लेंडर. ते म्हणाले, "अगो, साडेदहाला भरती म्हणजे पाच वाजता ओहोटी. परतीच्या बोटीला आपण नेमके ओहोटीला पोचणार. तवसाळचा धक्का तेव्हा खालपर्यंत उघडा पडतो, शेवाळ असतं." भरतीला बोटीची फळी धक्क्याच्या वरच्या, कोरड्या भागावर टेकते. ओहोटीला बोट खाली जाते आणि एरवी पाण्याखाली असलेल्या उतारावरून गाडी उतरवावी लागते. मी तारीख बदलली नाही. पण धक्क्यावर काय करायचं ते घरीच कागदावर लिहिलं आणि बोट चुकलीच तर आबलोलीवरून भातगाव पूल ओलांडून राई, जाकादेवी असा रस्ताही लिहून ठेवला.

शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना गाड्या घेऊन आमच्या अंगणात बोलावलं. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते सहल इथेच ठरते. अण्णांनी आठही गाड्या बघितल्या. अण्णांचं गॅरेज आहे, तीस वर्षं त्यांचा हात गाडीवर आहे. त्यांनी चाकं फिरवून प्रत्येक चेन बोटाने वरखाली करून पाहिली. दोन गाड्यांच्या चेन सैल होत्या, त्या ताणल्या. एकीचा क्लचचा वायर टोकाशी उसवला होता, तो तिथेच बदलला. हवा भरली, इंडिकेटर बघितले. लायसन्स, विमा, पीयूसी मी स्वतः बघितलं. मागे बसणाऱ्या तिघांना हेल्मेट हवंच हे मी आधीच कळवलं होतं. एकाने टोपीसारखं बिनपट्ट्याचं आणलं, त्याला माझ्या भावाचं दिलं. पेट्रोल आदल्या दिवशीच भरायचं आणि जेवणाचे पैसेही आदल्या दिवशीच द्यायचे, म्हणजे रस्त्यात त्यावर वेळ जात नाही.

मग नियम सांगितले. पुढे मी. माझ्या मागे, दुसऱ्या नंबरवर, गुरुजींची स्प्लेंडर, कारण सगळ्यात हळू तीच. मी वेग माझ्या मनाने ठरवायचा नाही, आरशातल्या स्प्लेंडरकडे बघून ठरवायचा. सगळ्यात मागे अण्णा, हत्यारांची पिशवी घेऊन. अण्णांच्या मागे कोणीही राहायचं नाही. सरळ रस्त्यावर एकाने उजव्या अंगाने, पुढच्याने डाव्या अंगाने चालवायचं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की "एकशे एक, एकशे दोन" म्हणायचं, ते म्हणून व्हायच्या आत आपण खांबापाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. वळणावर एकामागे एक.

आणि तिठ्याचा नियम. रस्ता फुटतो तिथे गुरुजींच्या मागे असलेल्या गाडीने कडेला थांबायचं, इंडिकेटर चालू ठेवायचा आणि येईल त्याला हाताने वाट दाखवायची. अण्णा आले की त्यांच्या पुढे लागायचं. पुढच्या तिठ्यावर पुढचा माणूस थांबेल. यात रेंज लागत नाही, नकाशा लागत नाही, मागे राहिलेल्याला वेगाने पळवावं लागत नाही. फक्त तिथे थांबलेल्याने अण्णा आल्याशिवाय हलायचं नाही. हे सांगताना मी पप्याकडे पाहिलं नाही, पण तो ऐकत होता.

रविवारी साडेसहाला मारुती मंदिराहून निघालो तेव्हा काळोख होता. शिरगाव, साखरतर करत आरे-वारेच्या चढावर आलो आणि उजाडलं. आंब्याला मोहोर आला होता. हेल्मेटची काच जरा वर केली की वास सरळ आत येत होता, थंड आणि तुरट. वारेच्या वळणावर लोक फोटोसाठी कुठेही गाडी उभी करतात, वळणाच्या ऐन पोटातसुद्धा. आम्ही पुढे रुंद जागा बघून एकदाच थांबलो. कडेला जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, थांबताना तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक जातं. हे मी सांगायच्या आधी गुरुजींनीच मागच्या पोरांना सांगितलं.

मालगुंडला चहा घेतला. केशवसुतांच्या घरी आत जायला वेळ नव्हता. गुरुजींनी बाहेरूनच हात जोडले आणि त्यांचा जन्म १८६६ चा, हे पप्याला सांगितलं. खंडाळ्याचा तिठा आला. तिथे थांबायची पाळी आमच्या वर्गमैत्रिणीची होती. ती थांबली, सगळे वळले, अण्णा आले. आरशात आठवी गाडी दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

दाभोळ-धोपावे मार्गावर २००३ साली फेरीबोट सुरू झाली आणि मग किनाऱ्यावरच्या इतर खाड्यांवरही बोटी आल्या. आमच्या लहानपणी जयगडाहून समोरचं तवसाळ नुसतं बघायचं असायचं. शास्त्री नदीची ही खाडी आता गाडीसकट सुमारे पंधरा मिनिटांत ओलांडता येते. सकाळी चढत्या भरतीत फळी जवळजवळ सपाट होती. गाड्या पहिल्या गिअरमध्ये टाकून उभ्या केल्या, प्रत्येकजण आपल्या गाडीजवळच राहिला.

बामणघळीपाशी पावणेअकराला पोचलो. आधी जमिनीखालून गुरगुरल्यासारखा आवाज येतो, क्षणभर काहीच नाही आणि मग पांढरा खांब वर जातो. खाली पडताना पाणी खडकावर कुठेही येतं, म्हणून सगळ्यांना चार हात लांब उभं केलं होतं. गुरुजी तिथून हलायला तयार नव्हते. वर दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन वेळणेश्वरला जेवलो. कुळथाचं पिठलं, भात, बिरडं, पापड, सोलकढी. अकरा पानं आधी फोन करून सांगितली होती, त्यामुळे बसल्याबरोबर वाढलं गेलं. अडीचला निघालो.

नरवणच्या अलीकडे अण्णांचा हॉर्न आला, तीनदा. तीन म्हणजे थांबा. जुन्या बुलेटचं मागचं चाक बसलं होतं, ट्यूबचा टायर. सगळ्यांना रस्ता सोडून काजूच्या सावलीत गाड्या लावायला सांगितल्या. दोघांना वळणाच्या दोन्ही बाजूंना उभं केलं, येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला. अण्णांनी चाक काढलं, टायर सोडवला, ट्यूब ओढून बाहेर काढली. जादा ट्यूब बरोबर होती, मला वाटलं वीस मिनिटांचं काम. अण्णा म्हणाले, "आधी टोचलं काय ते बघूया, नायतर नवी पण जाईल." त्यांनी जुनं फडकं घेतलं आणि टायरच्या आतून सावकाश फिरवलं. एका जागी धागा अडकला. पक्कडीने ओढला तर बोटाच्या पेराएवढा खिळा, डोकं झिजून टायरच्या रबराशी सपाट झालेलं. बाहेरून आम्ही चौघांनी बघितलं होतं, कोणालाच दिसला नव्हता.

तरीही पहिल्यांदा टायर चढवताना ट्यूब पट्टीत चिमटली आणि फुसकन हवा गेली. अण्णांनी काही न बोलता पुन्हा सगळं उघडलं, ठिगळ लावलं, साबणाचं पाणी लावून टायर हाताने दाबत बसवला. समोरच्या घरातल्या काकी कळशी घेऊन आल्या, "वाईच पानी घ्या, उन्हात कवापासून बसलाव." पावणेपाच वाजले.

एक दोघांचं म्हणणं पडलं की आता बोट नको, भातगाव पुलावरून जाऊ. मी विचार केला. तो रस्ता म्हणजे अनोळखी वळणं, तीही काळोखात, दमलेल्या माणसांनी. धक्का म्हणजे फार तर तीस पावलांचा धोका आणि तोही उजेडात. मी बोट म्हटलं.

तवसाळला गुरुजी म्हणाले होते तसंच होतं. धक्क्याचा खालचा भाग ओला, हिरवट काळा, वर गाळाचा पातळ थर. मागे बसणारे उतरून चालत गेले. एका वेळी एकच गाडी, इंजिन चालू, पहिला गिअर, दोन्ही पाय खाली, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. दोन्ही बाजूंना दोन दोन माणसं. बोटीवरचा माणूस ओरडून सांगत होता, "मधून या, मधून! कडेला नको!" गुरुजींची स्प्लेंडर हलकी, ती अलगद गेली. बुलेट अर्ध्यावर आली आणि तिचं मागचं चाक वीतभर आडवं सरकलं. चालवणाऱ्याचा चेहरा पांढरा पडला, पण पप्या आणि अण्णा मागच्या दांडीला धरून होते. दोघांनी पाय रोवले, गाडी थांबली, सरळ झाली, फळीवर चढली. पप्याच्या एका चपलेचा पट्टा तुटला होता. चप्पल घालून कोणीच यायचं नाही, हा नियम मी आदल्या दिवशी सांगायला विसरले होते. कागदावर लिहून घेतला.

बोटीत पप्या माझ्याजवळ येऊन उभा राहिला. खाडीवर ऊन तांबूस झालं होतं. तो म्हणाला, "ताई, खंडाळ्याला मी थांबतो." तिथे थांबायची पाळी त्याची नव्हती. मी बरं म्हटलं आणि त्याला गुरुजींच्या मागे घेतलं.

खंडाळ्याला पोचेपर्यंत दिवे लागले होते. मी मालगुंडकडे वळले आणि थोडं पुढे जाऊन, रस्ता रुंद होता तिथे कडेला थांबले. गुरुजी माझ्यामागे थांबले. मागे वळून पाहिलं तर तिठ्यावर पप्याचा इंडिकेटर लुकलुकत होता आणि तो एका पायात चप्पल, एका पायाने अनवाणी, रस्त्याच्या कडेला उभा राहून हात हलवत होता. एक गाडी वळली. दुसरी. बुलेट वळली. मग बराच वेळ कोणी आलं नाही. पप्या हलला नाही. शेवटी लांबून अण्णांचा पिवळट दिवा दिसला, वळला, आणि मग पप्याने गाडी चालू केली.