डेप्थ उडाली आणि आम्ही मशीन थांबवली

पुण्याबाहेरच्या एका चौपदरी रस्त्याखालून १६० मिलीमीटरचा एचडीपीईचा (प्लॅस्टिकचा) पाण्याचा पाईप न्यायचा होता. रस्ता फोडायला परवानगी नाही, म्हणून एचडीडी, म्हणजे रस्ता न फोडता जमिनीखालून आडवं भोक पाडायचं. यात रस्त्याच्या एका बाजूला रिग, म्हणजे ड्रिलिंगची मशीन, उभी असते, ती तिरके रॉड घालत जाते, तीन तीन मीटरचा एक रॉड. पुढच्या बिटच्या (भोक पाडणाऱ्या टोकाच्या) मागे सिग्नल सोडणारा ट्रान्समीटर बसवलेला असतो आणि मी वर रस्त्यावर तो सिग्नल पकडणारा लोकेटर घेऊन त्याच्या मागे मागे फिरतो. डेप्थ, पिच म्हणजे चढ-उतार, आणि बिटचं तिरपं तोंड घड्याळाच्या काट्यासारखं किती वाजता आहे हे वॉकीटॉकीवर मामांना सांगायचं. मामा म्हणजे आमचे ऑपरेटर, बीडचे. सरळ जायचं असेल तर बिट फिरवत ढकलायची, खाली वळायचं असेल तर फिरवणं बंद करून तोंड सहा वाजता ठेवून नुसतं ढकलायचं.

रात्री ट्रॅफिक कमी म्हणून तेव्हा काम सुरू केलं. पहिली लेन नीट गेली, डेप्थ २.३ मीटर, पिच जवळजवळ शून्य. डिव्हायडरच्या आसपास आलो आणि पुढच्या रॉडला स्क्रीनवर १.७ दिसलं, घड्याळाचं रीडिंगपण मधेच गायब, मधेच परत.

आता हे नीट समजून घ्या, कारण त्या रात्रीचं सगळं यावरच होतं. पिच टक्क्यांत येतो, एक टक्का म्हणजे तीन मीटरच्या रॉडला ३ सेंटीमीटर. बिट एका रॉडमध्ये ६० सेंटीमीटर वर यायची असेल तर पिच वीस टक्के दिसला पाहिजे, माझ्याकडे तर शून्याच्या आसपास होता. म्हणजे बिट वर आलेलीच नव्हती, रीडिंग खोटं होतं. लोकेटर सिग्नल किती जोरात येतो त्यावरून डेप्थ काढतो, जवळच्या चालू केबलने त्यात भर घातली की बिट आहे त्यापेक्षा वर दिसते.

मी म्हटलं, "मामा, थांबा. रॉड फिरवू नका, ढकलू पण नका." मामांनी एक प्रश्न न विचारता थांबवलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

साईट सुपरवायझर आले, म्हणाले डिव्हायडरमधल्या स्ट्रीटलाईटचे दिवे लागलेत म्हणून रीडिंग उडतंय, चला पुढे. ऐकायला पटण्यासारखं होतं. पण दुपारी ट्रान्समीटर बंद ठेवून मी नुसता लोकेटर घेऊन सगळ्या लाईनवरून चाललो होतो, तेव्हाही डिव्हायडरवर नॉइज होता आणि दुपारी दिवे बंद असतात. तेव्हाच मी ट्रायल पिट, म्हणजे खाली काय आहे ते बघायचा खड्डा, मागितला होता, ड्रॉइंगमध्ये तिथे काही नाही म्हणून मिळाला नाही. आता मी हटलो नाही. म्हटलं, साहेब, खड्डा झाल्याशिवाय पुढचा रॉड लागणार नाही.

डिव्हायडरमध्ये माती होती, म्हणून रस्ता न फोडता खोदता आलं. मशीन नाही, हाताने. पहिल्या दीड फुटात स्ट्रीटलाईटची केबल मिळाली आणि सगळे म्हणाले झालं की. मी अजून खाली जायला लावलं. बऱ्याच खाली लाल विटांची रांग लागली, तिथून पुढे पहार बंद, हाताने वाळू काढली, आणि १.९ मीटरवर जाड केबल. वीज कंपनीच्या माणसाला बोलावलं, तो म्हणाला बावीस केव्हीची आहे, चालू आहे. एवढी खोल कशी, तर रस्ता दुपदरी होता तेव्हा ती कडेला होती, रुंदीकरणात कडेचा डिव्हायडर झाला आणि वर भराव पडला.

२.३ मधून १.९ वजा करा, ४० सेंटीमीटर राहतात. पाईपसाठी भोक मोठं करणारा आमचा रीमर २५० मिलीमीटरचा, त्याचा अर्धा भाग वर येतो, म्हणजे त्यातले साडेबारा गेले, उरले साडेसत्तावीस, आणि आमचं डेप्थचं रीडिंगच तिथे भरवशाचं नाही. रीमरने ती केबल कापली असती तर अख्खी रिग करंटमध्ये आली असती. अशा वेळी ऑपरेटरने मशीनवरून खाली उतरायचं नसतं, एक पाय जमिनीवर आणि एक हात मशीनला लागला की संपलं. रिगला अर्थिंगचा रॉड आणि अलार्म असतो, तरी मला मामांच्या बाबतीत ती परीक्षा घ्यायची नव्हती.

रॉड मागे घेतले, आधीपासूनच खाली वळवत नेऊन केबलखालून ३ मीटर डेप्थवर काढले. खड्डा उघडाच ठेवला होता. पुढचं काम नेहमीसारखं झालं, बेंटोनाइट (चिकणमातीचं पातळ मिश्रण) चालू ठेवून रीमर, मग पाईप स्विव्हलला लावून ओढला, म्हणजे रीमर फिरतो पण पाईप फिरत नाही. ओढताना एचडीपीई ताणतो म्हणून दोन्ही टोकं जास्तीची सोडून दुसऱ्या दिवशीपर्यंत जोडणी केली नाही.

मार्च २०२३ पासून खोदण्याआधी केबल-पाईपवाल्यांना कळवायचं कॉल बिफोर यू डिग ॲप आहे, चांगली सोय आहे, सगळ्यांनी वापरावी. पण जी केबल कुणाच्याच नकाशात नाही ती ॲप तरी कुठून दाखवणार. माझं म्हणणं एवढंच की टेंडरमध्ये ट्रायल पिटचा रेट वेगळा धरा, नाहीतर ठेकेदार तो खड्डा स्वतःच्या खिशातून मारायला तयार होत नाही. त्या कामाच्या अ‍ॅज बिल्ट ड्रॉइंगमध्ये, म्हणजे काम प्रत्यक्ष जसं झालं त्या नकाशात, मी प्रत्येक रॉडच्या डेप्थसोबत ती केबलपण टाकून दिली आहे, पुढच्या पाईपवाल्याला निदान ती सापडेल.