काइंडचा वेगळा डेटाटाइप मोडीत काढला

हॅस्केलसारख्या भाषेसाठी मी कंपायलर लिहितोय; गेल्या नोंदीत त्याची 'काइंड-तपासणी झाली' असं छाती फुगवून लिहिलं होतं. (काइंड म्हणजे टाइपचा टाइप: इंटचा काइंड 'टाइप'; मेबीला आधी एक टाइप द्यावा लागतो, म्हणून त्याचा 'टाइप → टाइप'.) ते शब्द गिळतो.

चाचणीच्या फाईलमध्ये एक घोषणा आहे: डेटा टॅग अ = टॅग. 'अ' उजवीकडे कुठेच नाही, त्यामुळे त्याच्या काइंडवर कसलंच बंधन येत नाही. खाली आधी 'टॅग इंट' वापरलाय, मग 'टॅग मेबी'. कंपायलर मेबीवर अडला: टाइप हवा होता, टाइप → टाइप मिळाला. म्हटलं ठीक आहे. सहज ओळींची अदलाबदल केली, तर मेबी खपला आणि इंटवर बोंब!

टॅगची घोषणा तपासून झाली तरी 'अ'चं न सुटलेलं काइंड-चल (अजून न ठरलेल्या काइंडची रिकामी जागा) तसंच लटकत होतं. जो पहिला येईल तो ते भरून मोकळा. हॅस्केल ९८ या भाषेच्या जुन्या प्रमाण आवृत्तीचा उपाय सरळ आहे: परस्परांवर अवलंबून असलेल्या घोषणांचा गट संपला की उरलेली चलं 'टाइप' धरायची. मग टॅग मेबी कायमचा बाद. जीएचसी, म्हणजे हॅस्केलचा मुख्य कंपायलर, पॉलीकाइंड्स हा पर्याय चालू असताना त्याच चलावर फॉरऑल ('कुठलाही काइंड चालेल') लावतो. मला तेच हवं होतं, पण माझ्या काइंडमध्ये तीनच कन्स्ट्रक्टर: तारा (म्हणजे 'टाइप'), बाण, चल. फॉरऑल घालायचं तर सब्स्टिट्यूशनपासून (चलाच्या जागी उत्तर घालणं) ऑकर्स-चेकपर्यंत (चल स्वतःच्याच उत्तरात तर येत नाही ना, ही तपासणी) टाइपसाठी लिहिलेलं सगळं काइंडसाठी पुन्हा लिहा. कोण लिहितंय!

म्हणून जीएचसीने २०१६ साली ८.० मध्ये केलं तेच केलं: काइंड म्हणजे टाइपचंच दुसरं नाव. काइंडचं युनिफिकेशन (दोन काइंड जुळवून पाहणारा कोड) अख्खं पुसलं. आता टाइपचा काइंडही टाइपच. यातून तर्कात विसंगती शिरते म्हणून तर्कशास्त्रवाले नाक मुरडतील, पण जिथे न थांबणारं रिकर्शन कुठल्याही टाइपात बसतं, तिथे हे सोवळं कशाला?

फिक्सचा (दुसरा टाइप स्वतःतच पुन्हा पुन्हा गुंफणारा डेटाटाइप) काइंड अजूनही (टाइप → टाइप) → टाइप असाच निघतो, हे आधी तपासलं. अनबॉक्स्ड इंटला (पॉइंटरमागे न ठेवता थेट साठवलेल्या पूर्णांकाला) हात लावलेला नाही. जीएचसीत त्याचा काइंड 'टाइप' नसतो, किंमत मेमरीत कशी मांडायची हे त्या काइंडमध्येच लिहिलेलं असतं. ते नंतर.

सध्याचं दुखणं एररचं: टाइप चुकला की काइंड चुकला हे छापणाऱ्या फंक्शनला कळेनासं झालंय. दोन्हीकडे 'टाइप जुळत नाही' एवढंच येतं.