बेथपेज ब्लॅक: बंकरच्या अलीकडे थांबण्याचे गणित

आमच्या चौकडीने न्यूयॉर्क राज्यातील बेथपेजच्या ब्लॅक या गोल्फ कोर्सवर शंभर फटक्यांच्या आत खेळण्याचे जे लक्ष्य ठेवले होते, ते आता चौघांपैकी तिघांच्या आवाक्यात आले आहे. या कोर्सवर जाऊ इच्छिणाऱ्या मराठी गोल्फप्रेमींना उपयोग व्हावा, म्हणून ते कसे जमले याची ही नोंद.

लाँग आयलंडवरील फार्मिंगडेल येथे असलेल्या बेथपेज स्टेट पार्कात पाच कोर्स आहेत आणि त्यांना रंगांची नावे दिलेली आहेत. त्यांतील ब्लॅक १९३६ साली, मंदीच्या काळात बेरोजगारांना काम मिळावे म्हणून हाती घेतलेल्या सरकारी योजनेतून, खेळासाठी खुला झाला. त्याच्या आराखड्याचे श्रेय प्रामुख्याने ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट यांना दिले जाते. पार्कचे तत्कालीन अधीक्षक जोसेफ बरबेक यांचा वाटा किती, यावर जाणकारांमध्ये अजूनही वाद चालतो. टिलिंगहास्ट यांचे विंग्ड फूट किंवा आमच्या न्यू जर्सीतील बाल्टसरॉल हे सभासदांचे क्लब आहेत; ब्लॅकवर मात्र शुल्क भरणारा कोणीही खेळू शकतो. सरकारी मालकीच्या कोर्सवर यूएस ओपन ही अमेरिकेची राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा भरवण्याचा पहिला मान २००२ साली याच कोर्सला मिळाला. त्या वेळी टायगर वुड्स तीन अंडर पारवर, म्हणजे पारपेक्षा (ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) तीन फटके कमी घेऊन जिंकला आणि चारही दिवसांच्या बेरजेत पारच्या खाली राहिलेला तो एकटाच होता. पहिल्या टीजवळ (पहिला फटका मारण्याच्या जागेजवळ) लावलेली पाटी सांगते की हा कोर्स अत्यंत अवघड असून केवळ अतिशय कुशल खेळाडूंनाच त्याची शिफारस करण्यात येते. त्या पाटीपाशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी पाहता तिचा परिणाम उलटाच होत असावा, असे माझे मत आहे.

आमच्या फेऱ्यांची सुरुवात बहुधा आदल्या रात्रीच होते. आगाऊ आरक्षणात न्यूयॉर्कच्या रहिवाशांना प्राधान्य असल्याने आम्ही न्यू जर्सीकर व्हेराझानो पूल ओलांडून रात्रीच पार्किंगमध्ये दाखल होतो आणि क्रमांक घातलेल्या जागांपैकी एका जागेत गाडी लावून पहाटेची वाट पाहतो. गाडीत थर्मासमधला चहा, चिवडा आणि दुसऱ्या दिवशीच्या डावपेचांवरील चर्चा असते. झोप फारशी होत नाही. शिवाय ब्लॅकवर कार्ट (कोर्सवर फिरण्याची छोटी गाडी) मिळत नाही, सगळा कोर्स चालूनच खेळावा लागतो, त्यामुळे अपुऱ्या झोपेची किंमत शेवटच्या चार होलांवर मोजावी लागते.

आमच्या खेळात खरा फरक पडला तो आमच्यातील एका ज्येष्ठ खेळाडूमुळे, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो आणि ज्यांनी पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर तरुणपणी हात बसवला. ब्लॅकचे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, फेअरवेच्या (आखूड गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) कडेला निमूट बसलेले नाहीत, ते चेंडूच्या वाटेत तिरके आडवे येतात आणि प्रत्येक वेळी "किती पलीकडे मारशील?" असे विचारतात. चौथे होल, म्हणजे पार पाचचे (पाच फटक्यांत संपवायचे) ते प्रसिद्ध चढे होल, याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे दुसऱ्या फटक्यासमोर बंकरची मोठी तिरकी भिंत उभी राहते, आणि ती ओलांडली तरी ग्रीन (झेंड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) मागच्या बाजूला उतरते, त्यामुळे लांबून आलेला चेंडू त्यावर सहसा थांबत नाही. काका तेथे म्हणाले, "अरे, पलीकडे जायची एवढी घाई कशाला? अलीकडे थांबा, पुढचं पुढे बघू." आम्ही त्यातून नियमच करून टाकला. पाचवे, दहावे, बारावे आणि पंधरावे ही पार चारची लांब होल आमच्या कार्डावर पार पाच धरायची आणि ज्या बंकरवरून चेंडू खात्रीने जाणार नाही, त्याच्या अलीकडेच हायब्रिड या मध्यम पल्ल्याच्या क्लबने थांबायचे.

यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. २००२ च्या स्पर्धेत पावसाच्या दिवशी दहाव्या होलवर काही व्यावसायिकांनासुद्धा टीवरून फेअरवे गाठता येत नव्हता. आपण खेळतो त्या पांढऱ्या टीवरून कापायचे अंतर कमी असते हे खरे, पण आपला ड्रायव्हरही (सर्वांत लांब मारणारा क्लब) त्याच प्रमाणात आखूड असतो. २०२५ च्या रायडर कपमध्ये (अमेरिका आणि युरोप यांच्या संघांच्या स्पर्धेत) रफ, म्हणजे फेअरवेबाहेरचे उंच गवत, कापून ठेवलेले असल्याने टीव्हीवर हा कोर्स सौम्य भासला असेल. एरवीच्या ओल्या, घोट्यापर्यंतच्या रफमध्ये वेज या चेंडू उंच उचलणाऱ्या क्लबनेही चेंडू जेमतेम फेअरवेवर परत येतो.

बंकरमधून बाहेर पडण्याचा सराव हा या हंगामातील दुसरा मोठा भाग होता. आमच्या भागातील कोर्सवर बंकर उथळ आणि वाळू घट्ट असते, त्यामुळे ब्लॅकच्या उंच कडांची सवय होत नाही. यावर एका मित्राने युक्ती काढली: सरावाच्या बंकरच्या काठावर बॅग उभी करायची आणि सँड वेजचे तोंड पूर्ण उघडून, चेंडूच्या दोन बोटे मागे वाळूत घाव घालून, चेंडू बॅगेच्या डोक्यावरून काढायचा. स्विंग अर्धवट सोडला की चेंडू थेट बॅगेवर आदळतो, त्यामुळे शिक्षकाची गरज उरत नाही. कडेला अगदी चिकटलेला चेंडू मात्र मुकाट्याने आडवा बाहेर काढावा. एक फटका जातो, तीन वाचतात.

पटिंगबद्दल, म्हणजे ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलण्याबद्दल, विशेष लिहिण्यासारखे नाही, कारण ब्लॅकची बहुतेक ग्रीन तुलनेने सपाट आहेत. अपवाद पंधराव्याचा. ते ग्रीन फेअरवेपासून बरेच उंचावर असून दोन टप्प्यांत उतरते. चढापाशी आखूड पडलेला चेंडू रफमध्ये अडकतो, आणि झेंड्याच्या वर गेलेल्याला उताराचा पट मिळतो, जो काही केल्या थांबत नाही. चढाच्या पायथ्याशी मुद्दाम थांबून, अंतरापेक्षा एक क्लब मोठा घेऊन तिसरा फटका झेंड्याच्या खाली ठेवायचा, ही पद्धत सध्या आम्हाला मानवली आहे.

राहिले आहे ते बारावे. डावीकडे वळणाऱ्या त्या होलच्या कोपऱ्यावरचा बंकर टाळून उजवीकडे गेले की तीन फटक्यांतही ग्रीन गाठणे कठीण होते, आणि आमच्यातील चौथा गडी अजून शंभराबाहेर आहे तो मुख्यतः तेथेच. पुढच्या खेपेआधी आम्ही रेड कोर्सवर एक फेरी मारणार आहोत. त्याचे पहिलेच होल लांब असून उंच ग्रीनकडे चढत जाते, त्यामुळे थकलेल्या पायांनी हायब्रिड उंच उचलण्याचा सराव तेथे चांगला होईल; आणि रेडचे आरक्षण मिळणे तुलनेने सोपे असल्याने काकांना रात्र गाडीत काढावी लागणार नाही.