बॉल त्याच्याकडेच राहणार, मग दुसऱ्याने करायचं काय?

आमच्या रविवारच्या बास्केटबॉल गेममध्ये एक जण आहे, त्याला आम्ही टोल नाका म्हणतो. बॉल कुठूनही निघू दे, त्याच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. आणि त्याला काही बोलताही येत नाही, कारण तो खरंच आमच्यातला सगळ्यात भारी प्लेयर आहे, त्याच्या हातात बॉल असला की आम्ही जिंकतो आणि नसला की हरतो, इतका साधा हिशोब आहे. म्हणजे प्रॉब्लेम त्याचा नाहीच. प्रॉब्लेम माझा आहे, कारण त्याच्याबरोबरचा दुसरा गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब बॉल हाताळणारा, मी.

मी काय करतो सांगू? कॉर्नरमध्ये जाऊन उभा राहतो. पहिल्या एक-दोन वेळेला गुडघे वाकवून, हात छातीसमोर, एकदम तयारीत. तिसऱ्या वेळेला हात खाली येतात. पाचव्याला कमरेवर जातात. सातव्या वेळेला मी कोर्टबाहेर बसलेल्यांशी गप्पा मारत असतो आणि नेमका तेव्हाच पास येतो, दोन डिफेंडर त्याच्या अंगावर गेलेले, माझ्यासमोर चिटपाखरू नाही, आणि मी काय करतो तर पंप फेक, म्हणजे शॉट मारायचं नुसतं नाटक. कोणाला फसवायला ते मलाच माहीत नाही. तोपर्यंत एक जण धावत येतो आणि मी मुकाट्याने बॉल परत टोल नाक्याला देतो.

तेव्हापासून मी एनबीए बघताना स्टारकडे कमी आणि त्याच्या शेजारच्या गार्डकडे जास्त बघतो. कारण असला स्टार असलेली टीम प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या नॉकआउट सिरीजमध्ये, हरली की दरवर्षी तेच सुरू होतं, अजून एक क्रिएटर (स्वतः बॉल घेऊन शॉट तयार करणारा) आणा, बिचाऱ्यावर किती ओझं टाकणार. ऐकायला बरोबर वाटतं. पण शॉट क्लॉक २४ सेकंदांचा, तेवढ्यात शॉट घ्यावाच लागतो, त्यातले पंधरा-सोळा सेकंद बॉल स्टारकडेच असणार, ते काही बदलत नाही, दुसरा कोणीही आणा. मग आणलेला माणूस त्या पंधरा सेकंदांत काय करतो हे आधी बघायला नको का? आपण बघतो ते उलटं, बॉल हातात असताना तो किती भारी दिसतो ते. हायलाइट्समध्ये कॉर्नरला उभा राहिलेला माणूस कोण दाखवणार.

वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनची ती मॅच आठवा. ५ डिसेंबर २०१६, समोर इंडियाना. ६० पॉइंट, तेही २९ मिनिटांत, आणि त्या ६० पॉइंटसाठी त्याने एकूण ड्रिबल किती केले, ११. बॉल त्याच्या हातात सगळी मॅच मिळून जेमतेम ९० सेकंद होता. मी अकरा ड्रिबल तर बॉल अर्ध्या कोर्टपलीकडे नेईपर्यंतच संपवतो. त्याच्या शेजारचा स्टार करी काही टोल नाका नाही, तो स्वतःच बॉल सोडून पळत असतो, हे मान्य. पण क्लेचं शूटिंग बाजूला ठेवून त्याचे पाय बघा, पास हातात यायच्या आधीच ते मारायच्या पोझिशनमध्ये असतात. बॉल आल्यावर विचार करायचाच नाही, विचार आधीच झालेला. अर्धा सेकंद, त्यात मारायचा, द्यायचा नाहीतर आत घुसायचं. मला जमत नाही ते नेमकं हेच.

आता कोणी म्हणेल मग काय, एक चांगला शूटर आणला की काम झालं. इतकं सोपं नाहीये, आणि यासाठी आयव्हरसनची गोष्ट सांगायलाच हवी, माझी आवडती आहे.

ॲलन आयव्हरसन कागदावर ६ फूट, म्हणजे खरा किती ते तुम्हीच ठरवा. फिलाडेल्फियाने आधी त्याच्याबरोबर जेरी स्टॅकहाउस ठेवून बघितला. दोघांनाही बॉल हवा, दोघांनाही शॉट हवा, डिसेंबर १९९७ मध्ये स्टॅकहाउस डेट्रॉइटला गेला. पुढच्याच महिन्यात सिएटलहून एरिक स्नो आला, तेव्हा कोणी ढोल-ताशे वाजवले नसतील, तिथे तो बेंचवरचा माणूस होता. कोच लॅरी ब्राऊनने मग काय केलं, आयव्हरसनला शूटिंग गार्ड करून टाकला आणि पॉइंट गार्ड स्नो. बॉल वर आणायचा, सेट लावायचा आणि मग आयव्हरसन स्क्रीनवरून, म्हणजे साथीदाराच्या आडोशाने, सुटून आला की त्याच्या हातात द्यायचा, हे स्नोचं काम. पण खरी मजा दुसऱ्या टोकाला होती. स्नो ६ फूट ३, अंगाने दणकट, डिफेन्समध्ये चिवट, त्यामुळे समोरच्या टीमचा मोठा शूटिंग गार्ड तो घ्यायचा आणि आयव्हरसन छोट्या पॉइंट गार्डच्या मागे जायचा. म्हणजे ऑफेन्समध्ये एक जोडी, डिफेन्समध्ये अदलाबदल. एवढ्या एका गोष्टीमुळे आयव्हरसनची कमी उंची लपली. २०००-०१ मध्ये आयव्हरसनची सरासरी मॅचमागे ३१.१ पॉइंट, एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेयर) तोच, टीम ५६ मॅच जिंकून थेट फायनल्समध्ये, आणि स्नोची सरासरी दहाच्या आत. फायनल्स लेकर्सने ४-१ नेली, पण पहिली मॅच फिलाडेल्फियाने लेकर्सच्याच घरी जिंकली, आयव्हरसनचे ४८.

आणि इथेच घोडं पेंड खातं, कारण स्नोला थ्री, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट, येतच नव्हते. मग चाललं कसं?

कारण तेव्हाचा नियम. २०००-०१ पर्यंत एनबीएमध्ये झोन डिफेन्सला बंदी होती, आपला माणूस सोडून नुसतं मध्ये जाऊन उभं राहता यायचं नाही, त्यामुळे स्नोला शूटिंग येत नसलं तरी त्याच्या डिफेंडरला त्याच्या आसपास राहणं भाग होतं. पुढच्याच सीझनपासून नियम बदलला आणि शूटिंग न येणाऱ्या गार्डचे दिवस हळूहळू भरत आले. आज स्नोसारखा माणूस स्टारच्या शेजारी ठेवा, त्याचा डिफेंडर त्याच्याकडे पाठ करून सरळ आत रिंगकडे सरकेल आणि स्टार आत घुसला की समोर भिंत.

ओक्लाहोमा सिटीने आपला स्टार वेस्टब्रूक, त्याच्याबरोबर आंद्रे रॉबरसन ठेवला होता, डिफेन्स एक नंबर, पण २०१७ च्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने तो फ्री थ्रो हुकवणार म्हणून त्याला मुद्दाम फाउल करायला सुरुवात केली आणि त्या सिरीजमध्ये त्याचे फ्री थ्रो २१ पैकी ३ गेले. तीन! शेवटच्या मिनिटांत त्याला कोर्टवर ठेवावा तर हे, काढावा तर समोर ह्यूस्टनचा स्टार हार्डन मोकळा. टीव्हीसमोर बसून माझी चिडचिड झाली, कोचचं काय झालं असेल.

बरं, मग दुसऱ्या टोकाला जाऊ, दोन टोल नाके एकत्र. हार्डन आणि ख्रिस पॉल २०१७ मध्ये ह्यूस्टनला एकत्र आले तेव्हा मीच म्हणालो होतो एका म्यानात दोन तलवारी, नाही जमणार. झालं उलटं, २०१७-१८ मध्ये ह्यूस्टनने ६५ मॅच जिंकल्या. कोच डँटोनीने मिनिटं अशी वाटली की हार्डन बसला की पॉल खेळतोय, पॉल बसला की हार्डन, दोघं एकत्र असतील तेव्हा जास्त करून हार्डन चालवणार आणि पॉल बाजूला उभा राहून थ्री मारायला तयार. पॉलला ते करता येत होतं हा मुद्दा आहे, त्याला शूटिंग होतं आणि डिफेन्सही. वेस्टच्या फायनलमध्ये वॉरियर्सविरुद्ध ३-२ ने पुढे होते, पण पाचव्या मॅचमध्ये पॉलची हॅमस्ट्रिंग गेली आणि सातव्या मॅचमध्ये टीमने सलग २७ थ्री हुकवले. त्या सत्तावीसमधल्या निम्म्या वेळेला बॉल कोणीतरी शांत डोक्याने धरायला हवा होता आणि तो माणूस दुखापतीमुळे बाहेर बसला होता.

त्यानंतर २०१९ मध्ये त्यांनी पॉल देऊन वेस्टब्रूक आणला. नाव मोठं, एनर्जी तर विचारू नका, हार्डनचा जुना दोस्त. पण त्या सीझनला वेस्टब्रूकचे थ्री २५.८ टक्के. हार्डन चालवत असताना त्याला कॉर्नरमध्ये कोणी बघेचना. मग त्याला आत घुसायला जागा हवी म्हणून टीमने फेब्रुवारी २०२० मध्ये आपला सेंटर क्लिंट कपेलाच देऊन टाकला आणि ६ फूट ५ इंचाच्या पी. जे. टकरला सेंटर केलं. म्हणजे चुकीच्या पार्टनरला सांभाळायला सगळं घर पाडून परत बांधलं. बघायला मजा आली खरी, पण दुसऱ्या राउंडला लेकर्सने ४-१ ने घरी पाठवलं.

अटलांटाचा स्टार ट्रे यंग, त्याचं पण असंच. २०२२ च्या प्लेऑफमध्ये मायामीने त्याला पार जखडून ठेवल्यावर अटलांटाने डेजाँटे मरे आणला, ऑलस्टार, आदल्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त स्टील (समोरच्याकडून बॉल हिसकावणं) त्याचेच, त्याच्यासाठी पहिल्या राउंडचे पिक्स, म्हणजे नवे प्लेयर निवडायचे हक्क, मोजून दिले. कागदावर सगळं बसत होतं, डिफेन्सही आणि बॉल हँडलिंगही. पण मरेचा गेम हातात बॉल घेऊन, दोन-चार ड्रिबल मारून मधल्या अंतरावरून शॉट घ्यायचा होता, त्यामुळे झालं काय तर आधी ट्रेची पाळी आणि मग मरेची पाळी, एक खेळतोय तेव्हा दुसरा बघतोय. पहिल्या सीझनला ४१ जिंकल्या ४१ हरल्या, दुसऱ्याला ३६-४६. मग २०२४ मध्ये मरे न्यू ऑर्लिन्सला गेला आणि त्या ट्रेडमध्ये आला डायसन डॅनियल्स, ज्याचं नाव तेव्हा निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. लांब हातांचा ऑस्ट्रेलियन पोरगा, समोरचा सगळ्यात डेंजर गार्ड स्वतःहून अंगावर घेणारा. त्या सीझनला मॅचमागे ३ स्टील, मोस्ट इम्प्रूव्हड प्लेयर पण तोच. आणि त्याच सीझनला ट्रेने असिस्टमध्ये, म्हणजे बास्केट होणारे पास देण्यात, सगळ्या लीगला मागे टाकलं. आता लगेच असं नका समजू की टीम चॅम्पियन झाली, ४०-४२ होती ती. पण डोळ्यांना ती जोडी बरोबर दिसायची, एक बॉल आणून देतोय आणि एक त्याचं काहीतरी करतोय. एरिक स्नोच, फक्त वीस-पंचवीस वर्षांनंतरचा आणि पासिंग लेनमध्ये हात घालणारा.

मग सगळ्यांनी स्नो-डॅनियल्स छापाचा माणूसच शोधावा का? मला काही काळ अगदी तसंच वाटायचं. त्या नादात मी एकदा सणसणीत तोंडावर आपटलोय, ते सांगतो आता.

लुका डाँचिच २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या प्लेयर्सच्या निवडीत, तिसरा आणि त्याच ड्राफ्टमध्ये जेलन ब्रन्सन ३३ वा. दोघंही डॅलसला. ब्रन्सन ६ फूट २, डावखुरा, ना उडी ना स्पीड. मला तो कधी फार काही वाटला नाही, लुकाच्या सावलीत कोणालाही पॉइंट मिळतील असं माझं म्हणणं. लुका दोन माणसं खेचायचा, बॉल ब्रन्सनकडे यायचा आणि धावत येणाऱ्या डिफेंडरला तो एका ड्रिबलमध्ये मागे टाकून आत शिरायचा. हे सोपं नाहीये हे मला कळायला हवं होतं, कारण दर रविवारी तोच पास मला येतो आणि मी पंप फेक मारतो.

एप्रिल २०२२ मध्ये प्लेऑफला युटाविरुद्धच्या पहिल्या तीन मॅच लुका पोटरीच्या दुखापतीमुळे बाहेर होता. दुसऱ्या मॅचमध्ये ब्रन्सनने ४१ मारले आणि टर्नओव्हर (बॉल गमावणं) शून्य. तिसरीत ३१. दोन्ही डॅलस जिंकली. लुका परत आला तेव्हा सिरीज जिवंत होती ती या माणसामुळे, आणि पुढे डॅलस वेस्टच्या फायनलपर्यंत गेली. आणि लुका आल्यावर ब्रन्सन गपगुमान बाजूला सरकला, मला तर हेच त्या ४१ पेक्षा अवघड वाटतं. कारण कॉर्नरमध्ये उभं राहायला तयार असलेले खूप असतात, पण त्यांच्या हातात बॉल दिला की फाफलतात. बॉल दिला तर मॅच चालवणारे पण असतात, त्यांना कॉर्नरला उभं केलं की ते रुसतात. दोन्ही करणारा शंभरात एखादा.

ब्रन्सन न्यूयॉर्कला गेल्यावर डॅलसला कायरी अर्व्हिंग मिळाला, त्याला लेब्रॉनच्या शेजारी खेळायची सवय होती, २०२४ ला ते फायनल्सपर्यंत गेलेही. तिथे बॉस्टनने प्रत्येक पझेशनला लुकाला शोधून शोधून त्याच्यावर अटॅक केला आणि शेजारी डॅनियल्स छापाचा कोणी गार्ड नव्हता. लुका लेकर्सला गेल्यावर ऑस्टिन रीव्हजबरोबरही २०२५ ला मिनेसोटाविरुद्ध तेच चित्र, ऑफेन्सला दोघं बघत राहावेत असे आणि डिफेन्सला समोरचे त्यांच्यापैकी एकाला निवडून घेतायत. तरी माझं मत विचाराल तर रीव्हज सोडू नका, डिफेन्सवाला माणूस विंगवर, म्हणजे गार्डच्या बाजूच्या जागेवर, आणा. ड्राफ्टमध्ये कोणीही न घेतलेला पोरगा आहे तो, वाट बघायची सवय आहे त्याला.

हे मत मी आज देतोय. २०२२ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कने ब्रन्सनला चार वर्षांचे १०४ मिलियन डॉलर दिले तेव्हा मी आमच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "एवढे पैसे ब्रन्सनला? त्यात दोन शूटर येतात, जाऊ दे त्याला." पुढच्या सीझनला डॅलस ३८-४४, प्लेऑफ नाही. ब्रन्सनने २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ईस्टच्या फायनलपर्यंत नेलं, २००० नंतर पहिल्यांदा. ग्रुपमधल्या एकाने तो मेसेज स्टार करून ठेवलाय आणि दर एप्रिलमध्ये, प्लेऑफ सुरू झाले रे झाले की, न चुकता परत टाकतो. सगळ्यात पहिला अंगठा टोल नाक्याचा येतो.