गुळगुळीत धमनी, सरकलेला आलेख

महाधमनीचा तो तुकडा मिरजेहून आमच्या सांगलीच्या प्रयोगशाळेत आला, तेव्हा पॅथॉलॉजीच्या मॅडम स्वतः सोबत होत्या. शवविच्छेदनातला नमुना होता. संमतीच्या कागदावर सही करताना मृताचा मुलगा म्हणाला होता, "कुणाचं भलं होणार आसंल तर घ्या." मॅडमनी हे सांगितल्यावर तुकडा ट्रेमध्ये मांडताना मी जास्तच जपलं.

मी भौतिकशास्त्राचा माणूस. धमनी उभी चिरून आतली बाजू वर ठेवायची, तिच्यावर नायट्रोजन लेसरचा ३३७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकायचा आणि ऊतक स्वतः जो मंद निळसर उजेड देतं तो फायबरमधून, म्हणजे बारीक काचतंतूतून, वर्णपटमापकात घ्यायचा. निरोगी महाधमनीच्या मधल्या थरात इलॅस्टिन हे लवचीक प्रथिन ठासून भरलेलं असतं, म्हणून कोणत्या तरंगलांबीला किती उजेड हे दाखवणाऱ्या आलेखाचं शिखर ४५० नॅनोमीटरच्या आसपास येतं. धमनीकाठिण्याचा रोग जडला की सगळ्यात आतला थर कोलॅजन या चिवट प्रथिनाने जाड होत जातो. अतिनील प्रकाश जेमतेम ०.२ मिलिमीटर आत शिरतो; त्या जाड थरातच तो संपला की खालच्या इलॅस्टिनपर्यंत पोचत नाही, आणि शिखर ३९० कडे सरकतं. लेसरने धमनीतला अडथळा जाळताना भिंतीलाच भोक पडण्याचा धोका असतो. फायबरच्या टोकासमोर रोगट थर आहे की निरोगी भिंत, हे जाळण्याआधी कळावं यासाठी ही सगळी धडपड. अमेरिकेतल्या एमआयटीत मायकेल फेल्ड यांच्या गटाने १९८५ साली या दिशेचं काम प्रसिद्ध केलं.

तुकड्याच्या एका टोकाला पिवळट, टणक उंचवटा होता. तिथला आलेख अपेक्षेप्रमाणेच आला. मधला भाग मात्र गुळगुळीत, मोत्यासारखा. मॅडम भिंग लावून म्हणाल्या, "सर, हा नॉर्मल धरा."

तिथेही शिखर डावीकडे सरकलेलं!

पहिला संशय रक्ताचा. हिमोग्लोबिन ४१५ च्या जवळ प्रकाश जोरात शोषतं, तिथे आलेखात खळगा पडतो आणि शिखराची जागा फसवी दिसते. ५४० आणि ५७७ लाही बारीक खळगे होते, म्हणजे रक्त होतंच. सलाइनने हलक्या हाताने धुतलं, पुन्हा मोजलं. खळगे बुजले. शिखर जागचं हललं नाही. फायबर थोडं पुढे सरकवलं, तर इलॅस्टिनचा आलेख परत हजर. म्हणजे यंत्र ठीक होतं. मॅडम बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग त्या दोन्ही जागांवर त्यांनी शाईचे ठिपके दिले आणि तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवला.

स्लाइड तयार झाल्या तेव्हा मी मिरजेला गेलो. व्हरहॉफ-व्हॅन गीसनच्या रंगात इलॅस्टिन काळं आणि कोलॅजन लाल दिसतं. पुढच्या ठिपक्याखाली काळ्या लहरी थेट वरपर्यंत आल्या होत्या. गुळगुळीत जागेखाली आधी लाल पट्टा, चांगला रुंद, आणि काळ्या लहरी त्याच्या खाली दबलेल्या. मला आनंद झाला, हे लपवत नाही. पण वरून निरोगी दिसणाऱ्या भिंतीत रोग किती सपाट पसरू शकतो, हे पाहून धसकाही बसला. खोलवरची चरबी या प्रकाशाला दिसणार नाही, ही मर्यादा मॅडमनी तिथेच बोलून दाखवली आणि ती रास्तच आहे.

निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या नमुन्याला मी आधी काही सांगणार नाही. तुम्ही आलेख बघून जागा ठरवा, पाकीट बंद करून द्या. मी काप घेऊन माझं मत लिहीन, मग दोन्ही उघडू." मी लगेच हो म्हटलं.