मार्था कस्टिसच्या वाटणीचे कागद, आठवडा चौथा

मोडी लिपीतल्या कागदांना सध्या सुट्टी दिलीय आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या कस्टिस इस्टेटीचे अठराव्या शतकातले हिशोब टाइप करण्यात अडकलेय, या आठवड्यात जेमतेम तीन पानं झाली. अक्षराचा त्रास नाही आता, जुन्या इंग्रजीतला तो लांबडा एस, एफसारखा दिसणारा, त्याला डोळा सरावला. वाट लावली ती एक्सेलने. पौंड-शिलिंग-पेन्स मध्ये टिंब देऊन 7.10.4 असं टाइप करत होते, त्याने गुपचूप त्याची तारीख करून टाकली आणि मी दोन संध्याकाळी बेरीज का जुळत नाही म्हणून डोकं धरून बसले 😅 आता तीन वेगळे कॉलम केलेत, 12 पेन्सांचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. रुपये-आणे-पैचे हिशोब केलेल्यांना हे नवं नाही, 12 पैचा आणा तसंच.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. ही मार्था म्हणजे पुढची मार्था वॉशिंग्टन, अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाची, जॉर्ज वॉशिंग्टनची बायको. 1757 च्या एप्रिलमध्ये तिची एक मुलगी गेली, 8 जुलैला नवरा डॅनियल पार्क कस्टिस गेला, मृत्युपत्र न करता. बाई 26 वर्षांची, पदरात अडीच वर्षांचा जॅकी आणि त्याहून लहान पॅट्सी, आणि मागे सुमारे 17,500 एकर जमीन, जवळजवळ 300 गुलाम, वर लंडनच्या व्यापाऱ्यांकडची खाती. ऑगस्टमध्ये तिने लंडनच्या रॉबर्ट कॅरी कंपनीला पत्र पाठवलंय त्यात नवरा गेल्याचं दुःख दोन ओळीत आणि मग थेट, कारभार आता माझ्याकडे आहे, तंबाखू पाठवत जाईन, भाव चांगला काढून द्या. मला हे पत्र जाम आवडलं.

वाटणीचा नियम सरळ होता, विधवेला एक तृतीयांश, बाकीचं मुलांचं. पण तिच्या एक तृतीयांश हिश्शातली जमीन आणि माणसं फक्त हयातीपुरती, विकता येत नाहीत, मोकळी करता येत नाहीत, ती गेल्यावर परत कस्टिसांच्या वारसांकडे. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात स्वतःच्या गुलामांना सोडायचं लिहिलं तेव्हा त्याच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरचे हे कस्टिस हिश्शातले 153 जण म्हणूनच सुटले नाहीत.

मालमत्तेत धरलेल्या गुलामांच्या यादीचं पान टाइप करताना मात्र हात थांबतो. नाव, नुसतं नाव, आडनाव नाही, आणि समोर किंमत. जनावरांसमोर असते तशीच, आणि बेरीज खाली एकच. मी शीटमध्ये माणसांचा टॅब वेगळा केलाय, मूळ कागदाशी ते जुळत नाही हे माहितीये, ओरडू नका.

6 जानेवारी 1759 ला तिने जॉर्ज वॉशिंग्टनशी दुसरं लग्न केलं आणि दीड वर्ष जो कारभार ती स्वतःच्या सहीने चालवत होती तो नवऱ्याकडे गेला, कायदाच तसा, लग्न झालेल्या बाईला वेगळी सही नाही. मुलांचं पालकत्व सुद्धा 1761 मध्ये कोर्टाने त्यालाच दिलं. आई जिवंत, त्याच घरात, पण कागदावर पालक सावत्र बाप. एक मानावं लागेल, माणूस हिशोबाला चोख, दरवर्षी विल्यम्सबर्गच्या कोर्टात दोन्ही पोरांची खाती सादर करायचा. लंडनच्या ऑर्डरीत मुलांचं सामान वेगळं काढलेलं, पॅट्सीच्या नावाखाली फॅशनेबल कपडे घातलेली बाहुली आहे! एवढीशी पोर आणि तिच्या बाहुलीचा खर्च तिच्याच इस्टेटीतून.

आता 1773 ची पानं घेणारे. त्या जूनमध्ये पॅट्सी फिट येऊन गेली, 17 वर्षांची, आणि तिचा हिस्सा अर्धा भावाला, अर्धा आईला, म्हणजे पुन्हा वॉशिंग्टनच्या हातात. त्यातून त्याने लंडनचं कर्ज फेडलं. ती नोंद कुणाच्या खात्यात कशी टाकलीय ते बघायचंय, पण आधी कॉलमची रुंदी नीट करते, पेन्स दिसतच नाहीयेत.